आक्काचं वाक्य

पोरगी शिकून काय दिवे लावणार, म्हणत वडिलांनी आक्काची शाळा दहावीतच बंद केली. धाकटी म्हणून मी सुटले. बिडकीनहून औरंगाबादला कॉलेजात जायचे, रोज एक अवघड इंग्रजी शब्द आणायचे आणि चुलीपुढं बसून आक्का त्याचं वाक्य करायची. ‘ऑब्स्टिनेट’ म्हणजे हट्टी, म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “अवर बफेलो इज ऑब्स्टिनेट, फादर इज मोर!” वडील ओसरीवरच होते. आम्ही तोंड दाबून हसलो.

आक्काचं लग्न झाल्यावर मी कन्नडला तिच्या सासरी गेले, तेव्हा हौसेनं नवा शब्द सांगितला. तिनं आधी आतल्या खोलीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, “नको गं. इथं मला मराठीतबी वाक्य पुरं करू देत नायत.”