बेअरिंगच्या घरातला हिरवा रंग

वस्तीत त्याला सगळे डबलकोट म्हणत. तो रंगारी, ठरल्यापेक्षा रंगाचा एक हात जास्त दिल्याखेरीज त्याला घास गोड लागत नसे. एकदा त्याने घरमालकाच्या चपलाही रंगवल्या असे सांगतात. पण सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा तिथे हजर नव्हता, म्हणून ती गोष्ट सोडून द्यावी. दाराची वरची कड, जी कोणाच्याही नजरेस पडत नाही, तीसुद्धा तो रंगवतो, एवढे मात्र शिडी लावून कोणीही पडताळून पाहावे. उघडा धातू दिसला की त्याचे हात शिवशिवत.

त्याची डोंगरी सायकल दुसऱ्याकडून घेतलेली. मागच्या वर्षी त्याने ती सुटी केली, फ्रेम खरवडली, हिरवा रंग चढवला आणि नवी बेअरिंग घालून पुन्हा जुळवली. अशा सायकलचा मागचा भाग फ्रेमला सांध्यांनी जोडलेला असतो. खड्डा आला की तो वरखाली होतो, आणि प्रत्येक सांध्यात छोटी गोल बेअरिंग फिरत असतात. वर्ष सरायच्या आत ते सांधे कुरकुरू लागले. मग मागचे चाक डुलू लागले. शेवटी एका रविवारी खाणीकडच्या उतारावर त्या डुलण्याने तोल गेला आणि तो खांद्यावर आपटला.

मागून बायको आपल्या सायकलवर येत होती. ती हाडांच्या दवाखान्यात परिचारिका. तिने तिथेच खांदा चाचपला, मोडला नसल्याची खात्री करून घेतली, आणि मगच तोंड उघडले.

"यापुढे मी तुमच्या मागून येणार नाही. पडलेली माणसं बघायला मला दवाखाना पुरे आहे."

तेव्हापासून दोन्ही सायकली भिंतीला टेकून होत्या. रविवारची सकाळ लग्नापासून त्या दोघांचीच असे. ती आता खिडकीतून डोंगर बघण्यात जाऊ लागली. बायकोची अट एकच होती: मागचे चाक तिच्या हातात डुलता कामा नये.

खांदा बरा झाल्यावर एका शनिवारी दुपारी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि वर सायकलची फ्रेम आडवी केली. तेवढ्यात फ्रीजजवळून सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, इथे बर्फात ही कसली बटणं ठेवलीत?"

"बटणं नाहीत हो, नवी बेअरिंग आहेत. गार झाली की जराशी आकसतात, मग नीट बसतात."

"थंडीत मीही आकसते. म्हणून मला कोणी मटारशेजारी ठेवत नाही."

सांध्यातून लांब बोल्ट आरपार घालून तो नट आवळत गेला, तशी जुनी बेअरिंग एकेक करून कण्हत बाहेर आली. बोटावर फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखरली.

"बघितलंस? दुकानदाराने टाकाऊ माल गळ्यात मारला."

"कुरकुर सुरू झाली तेव्हा तर पावसाने बिघडवलं म्हणत होतात ना?" बायको म्हणाली.

पहिले नवे बेअरिंग अर्ध्यावर गेले आणि तिरके होऊन अडले. त्याचा हात हातोडीकडे वळला.

"हं," बायको म्हणाली. एवढेच. दवाखान्यातले नवशिके डॉक्टरही या 'हं'ला घाबरत.

हातोडी जागच्या जागी राहिली. अडलेले बेअरिंग त्याने उलटे ओढून काढले आणि ते बसते त्या गोल घरात बॅटरीचा झोत टाकला. आत हिरवेगार होते. गुळगुळीत, चकचकीत, कुठेही ओघळ नसलेले. काम ओळखायला त्याला सहीची गरज नव्हती.

बाकीची घरेही तशीच निघाली. जिथे केसभरही जागा फालतू नसते तिथे त्याने रंगाचे थर चढवले होते आणि वरून बेअरिंग ठोकून बसवली होती. बिचारी चहूबाजूंनी आवळली जाऊन आतल्या आत झिजली.

"पावसाचं काही नव्हतं," तो हळूच म्हणाला. "दुकानदाराचंही नाही. धातू उघडा राहू नये म्हणून मीच..."

बायकोला टोमणा मारायची आयती संधी होती. तिने बॅटरी हातात घेतली. "उजेड कुठे धरू?"

बाहेरच्या रंगाला धक्का लागू नये म्हणून त्याने कडेने चिकटपट्टी लावली, रंग काढायचे द्रावण कापसाने आत फिरवले आणि सुटलेला हिरवा पापुद्रा लाकडी काडीने सोलून काढला. खालचा धातू पांढरा, नागडा चमकू लागला. तो पुसून झाल्यावर त्याचा हात रंगाच्या डब्याकडे गेला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. गेला.

"एक हात राहिला वाटतं?" सासूबाईंनी विचारले.

त्याने हात मागे घेतला आणि ग्रीसची डबी उघडली.

गार बेअरिंग या वेळी सरळ आत सरकली. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर येईल अशी वॉशर लावून, दर वळशाला थांबून, त्याने ती बसवली. बोटाने फिरवली तर फिरल्याचा आवाजही आला नाही. सायकल जुळवून झाल्यावर तो बाजूला उभा राहिला; हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

बायकोने एका हाताने सीट धरली, दुसऱ्याने मागचे चाक, आणि एखाद्या रोग्याचा गुडघा हलवून पाहावा तसे ते डावी-उजवीकडे हलवले. मग डोळे मिटून पुन्हा हलवले. चाक डुलले नाही.

ती आपल्या सायकलपाशी गेली. तिने दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले.

"अहो, पंप कुठे ठेवलाय?" ती म्हणाली. "आणि उद्या उतारावर हळू चालवा. मी मागेच असेन."