आक्काची धूळपेरणी

डोळे गेले आणि मी देवाला हात जोडणं सोडलं. कुपवाडच्या कारखान्यात वितळलेल्या धातूचा रस उडाला. एक डोळा कायमचा गेला, दुसऱ्याचं बुबुळ पांढरं पडलं. डॉक्टर म्हणाले, "कुणी नेत्रदान केलं तर या डोळ्याला बुबुळ बसवता येईल. पण कधी मिळेल, किती दिसेल, सांगता येत नाही." इतक्या अंधुक शक्यतेवर माणसानं जगायचं कसं, मला कळत नव्हतं.

बायको कामावर जायची. मला सांभाळायला दुष्काळी माण तालुक्यातल्या गावाहून थोरली बहीण आली, मेंढरं दिरावर सोपवून. आई गेल्यावर आक्कानंच मला वाढवलं होतं. ती रोज सकाळी माझा हात धरून कृष्णेच्या घाटावरच्या देवळात न्यायची. मी हात खाली सोडून उभा राहायचो.

एकदा मी चिडून म्हणालो, "आक्का, मला देवच दिसत न्हाई. कशाला आणतीस रोज?"

"त्याला तू दिसतूस न्हवं? मग झालं," ती म्हणाली. पायऱ्या उतरताना पुढं म्हणाली, "आपल्या माणात पाऊस बघून कोण पेरतंय रं? धुळीतच बी टाकायचं. तो कवा यायचा तवा येईल, पर बी आदी भुईत पायजे."

त्याच संध्याकाळी तिनं माझे कपडे आणि दवाखान्याचे कागद पिशवीत भरून दारामागं टांगले. महिने गेले. कपडे ती मधूनमधून काढून धुवायची आणि पुन्हा भरून ठेवायची. तिच्याकडून थोडी थोडी आशा माझ्यातही झिरपू लागली होती.

एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. बुबुळ मिळालं होतं. आक्कानं दारामागची पिशवी उचलली आणि आम्ही निघालो. रिक्षात मी आनंदानं बोलत सुटलो होतो. आक्कानं माझा हात दाबला.

"काय झालं गं?"

"आपल्याला फोन आला, पर कुणाच्या तरी घरात आत्ता रडं चाललं आसंल."

त्या दिवशी ती जेवली नाही. आपल्याच घरातलं माणूस गेल्यासारखी बसून राहिली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. आधी नुसता उजेड आला. मग पाण्याखालून पाहावं तसं एक हिरवं लुगडं आणि त्यावर एक हलणारा चेहरा दिसला. "आक्का," मी म्हणालो.

वाटलं, ती मला कुरवाळेल. ती जवळ आली, वाकली आणि माझ्या डोळ्यासमोर तिनं हात जोडले.

"बाप्या हायस का बाई, मला ठावं न्हाई," ती त्या डोळ्याला म्हणाली. "पर आता तू आमच्या घरचं माणूस. तुला हितं काय कमी पडू द्यायची न्हाई."

माझे हात आपोआप जुळले. कृपा कुणाच्या दुःखातून वाट काढत आपल्यापर्यंत येते, ते आपल्याला कळत नाही. आपण फक्त ओंजळ पुढं करायची. आजही नदीवर ऊन उतरलेलं दिसलं की मी जरा जास्त वेळ थांबतो. पाहणारा मी एकटा नसतो.