दोरावरची जागा

रत्नागिरीचं बंदर बोटीवरून दिसू लागलं तेव्हा मी भाषण ठोकत होतो. विषय असा, की खुन्यांना जन्मभर कोंडूनच ठेवलं पाहिजे. श्रोता एकच: शेजारी बसलेला, बऱ्याच वर्षांनी गावी परतणारा सोमा खारवी (मच्छीमार). तो माझ्या डब्यातला लाडू खात मान डोलवत होता, त्यामुळे मला अधिकच स्फुरण चढलं.

बोट खोल पाण्यात थांबली. तिथून पडावात (छोट्या होडीत) उतरायचं आणि पुढे कुणाच्या तरी खांद्यावर बसून कोरड्यात जायचं. मला सोमानंच उचललं. टोपी सावरत मी विचारलं, इतकी वर्षं होतास कुठं?

"तुरुंगात. दारूच्या भरात चुलतभावाच्या डोक्यात वल्हं घातलं. मेला तो."

मी त्याच्या मानेला घट्ट मिठी मारली. धरायला दुसरं काही नव्हतंच.

एकट्याला गावात जायला पाय उचलत नाही, म्हणून त्यानं मला सोबत बोलावलं. खाणावळीत मी आंबोळ्यांवर ताव मारला. त्यानं पान तसंच बाजूला सारलं. मग तरीतून (उतारूंच्या होडीतून) खाडी ओलांडली.

किनाऱ्यावर रापण (गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं) लागली होती. रिवाज असा, की दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा. ज्याला दोर धरू देत नाहीत, तो गावाचा नव्हे. सोमा होड्यांपाशीच थबकला. एक म्हातारा पुटपुटला, उद्या हा परत प्यायला तर?

सगळे भागीकडे बघू लागले. ती मेलेल्या चुलतभावाची बायको. तिनं दोर सोडला नाही.

"तो मेला, तू आत गेलास. दोराला दोन माणसं कमी पडली. त्यातलं एक तरी येऊ दे." मग म्हणाली, "माझ्या पुढं धर. मला दिसशील असा. प्यायलास तर दोर सुटला म्हणून समज. आणि वाट्यातले मासे आधी माझ्या पोरांना."

सोमानं दोर धरला. रिकामा उभा राहिलो म्हणून म्हाताऱ्यानं मलाही जुंपलं. बांगडे वर येईतो माझे तळहात सोलून निघाले होते.

परतीच्या बोटीवर सोमाची हकिकत ऐकून एका वकिलानं मला विचारलं, असल्या माणसांना ठेवायचं तरी कुठं? मी सोललेला हात पुढे करून सांगितलं, डोळ्यांसमोर. भागीचं धाडस मला तिथंच दिसलं होतं, सोमाचं आता ध्यानात आलं. जिच्या नवऱ्याला मारलं, तिच्याकडे पाठ करून सोमा संध्याकाळपर्यंत उभा होता, आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.