मिरीच्या दाण्याएवढा सूर्य

लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या गावात आले, तेव्हा भौतिकशास्त्राची पदवी होती, नोकरी नव्हती. चार वर्षं तशीच गेली. मग एका मे महिन्यात गावच्या वाचनालयाने मुलांचं शिबिर ठेवलं आणि 'सूर्य आणि इतर तारे' यावर तासभर बोलायला मला सांगितलं.

मी लॅपटॉपवर चाळीसेक चित्रं जमवली. आदल्या संध्याकाळी सासूबाई खळ्यात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होत्या. त्यांना म्हटलं, "आई, मला भीती वाटतेय."

"मग मी येत्ये बरोबर. पण आधी मला सांग बघू, काय बोलणारेस ते."

मी मसाल्यांचा मिसळणाचा डबा घेऊन बसले आणि त्यातल्याच मिरी-खसखशीच्या दाण्यांवर त्यांना सगळं समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि वीज गेली. भिंतीवरचं चित्र गेलं, पंखे थांबले. मुलं चुळबुळ करायला लागली. मी लॅपटॉपच्या कळा उगीच दाबत राहिले. मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "अगो, काल मला सांगितलंस तसंच सांग की!" आणि शेजारच्या घरातून त्या मिरी, खसखस आणि सुतळी घेऊन आल्या.

आम्ही सगळे अंगणात आलो. मिरीचा एक दाणा म्हणजे सूर्य. मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी केवढा, हे दाखवायला सुतळीचं एक टोक सासूबाईंनी मधोमध पायाखाली धरलं. दुसऱ्या टोकाला काठी बांधून मी मातीत भलंमोठं वर्तुळ काढलं. सुतळी जवळजवळ माझ्या उंचीएवढी होती. शिबिराला आलेली सगळी मुलं त्या वर्तुळात मावली.

एक मुलगी हातातल्या मिरीकडे बघत हिरमुसून म्हणाली, "म्हणजे आपला सूर्य अगदीच फालतू?"

"फालतू कसा?" सासूबाई म्हणाल्या. "माझी आमसुलं काय तो काक्षी वाळवतो?"

मुलं खो खो हसली. माझीही भीड चेपली. मी प्रत्येकाच्या तळहातावर खसखशीचा एकेक दाणा ठेवला. "आकाशातले बहुतेक तारे असे आहेत, सूर्याहून लहान. काक्षीसारखे दांडगे अगदी थोडे, आणि ते लवकर संपतात. आपला सूर्य अजून काही अब्ज वर्षं असाच तळपणार आहे."

ती मुलगी खसखस आणि मिरी शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. "मग बराच मोठा आहे की!" ती म्हणाली.

वीज आली तेव्हा आत जायला कुणीच तयार नव्हतं. तास संपून अर्धा तास झाला तरी प्रश्न चालूच होते.

शिबिर बघायला गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "जूनपासून आमच्याकडे विज्ञान शिकवाल का?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "शिकवेल. सकाळचं घरातलं मी बघेन."

परतताना चढावर त्या दम घ्यायला थांबल्या. म्हणाल्या, "आता मला ते चंद्राचं सांग. तो रोज उशिरा का उगवतो?"