खापरपणजोबांचा पीतांबर

सत्यनारायणाची पूजा चालू असताना यजमानाने पाटावरून तसूभरही हलू नये, असा नियम शास्त्रात आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र तो एकदा चांगला दोन तास पाळला आहे.

त्या वर्षी मुलुंडला आम्ही ब्लॉक घेतला. (दीड खोलीचा. पण ब्लॉकच म्हणायचं!) घरात मी, बायको सुलभा आणि माझे बाबा. बाबांनी तीस वर्षं गिरणीत माग चालवला होता. ठाण्याला राहणारे माझे सासरे, नाना, म्हणजे खानदानी माणूस. त्यांच्या घरी सात पिढ्यांचा एक अडकित्ता होता आणि आल्यागेल्या प्रत्येकाला तो चहाच्या आधी दाखवला जायचा. लग्नाच्या बैठकीत त्यांनी बाबांना विचारलं होतं, "तुमच्याकडे घराण्याचं असं जुनं काय आहे?"

बाबा म्हणाले, "जुना म्हणशात तर माझो खोकलो आसा. गिरणीतलो."

मी तेव्हा जमिनीत गेलो, तो पाच वर्षं वर आलो नव्हतो. नव्या घराच्या पूजेला नाना येणार म्हटल्यावर मी ठरवलं, यंदा घराणं दाखवायचंच!

ते दाखवायची सोय बोहारणीने केली. सुलभा दारात तिच्याशी एका पातेल्यासाठी भांडत होती. "दोन पँटी दिल्या, साडी दिली, आणखी काय अंगावरचं काढून देऊ?" तेवढ्यात मला बोहारणीच्या गाठोड्यात पिवळाधमक रेशमी पीतांबर दिसला. वीतभर रुंद जरीचा काठ! मी म्हटलं, "हा कितीला?"

बोहारीण आ वासून बघत राहिली. "साहेब, लोक कपडा देऊन भांडं नेतात. भांडं देऊन कपडा नेणारे तुम्ही पहिलेच! अहो, हा नेसायचा नाही. काठ जाळून चांदी काढायची याची."

चांदी! म्हणजे अस्सल माल! मी सुलभाच्या हातातलं पातेलं काढून बोहारणीला परत दिलं, वर लग्नात आलेला एक डबाही दिला. सुलभा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाबांनी पीतांबर दोन बोटांत धरला, कुरवाळला आणि परत दिला. "झिला, ह्या कापडात जीव नाय. घडी पडली थंय कुजलाहा. नेसू नको."

"बाबा, तुम्हाला गिरणीतलं सुती कळतं. हे रेशीम आहे!" मी म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पूजेच्या दिवशी मी पीतांबर नेसून बाहेर आलो तेव्हा नानांनी चष्मा पुसला. "वा जावईबापू! कुणाचा हा?"

"खापरपणजोबांचा," मी सहज म्हणालो. "एका सरदाराने दिला होता. लढाईनंतर." (कुठली लढाई ते त्यांनी विचारलं नाही, ही देवाची कृपा.)

आणि मी पाटावर बसलो.

टर्र!

"काय झालं?" सुलभा कुजबुजली.

"काही नाही. पाट वाजला."

"पाट असा वाजतो?"

खोली इतकी लहान की आमचे पाट कपाटाला अगदी टेकलेले होते, त्यामुळे मागची बाजू सुरक्षित होती. पण मांडी घातली आणि डावा गुडघा बाहेर आला. गुडघा झाकायला मी उपरणं ओढलं. उपरण्याची गाठ सुलभाच्या पदराला, त्यामुळे तीही माझ्या अंगावर आली. चाळीस पाहुण्यांसमोर! "अगं बाई, अजून नवीनच जोडपं!" मागून कुणीतरी म्हणालं.

"यजमान, वाका. कलशाला हात लावा," गुरुजी म्हणाले.

मी वाकलो. टर्र! उजवी बाजू गेली.

"आता वाकून फुलं वाहा."

"गुरुजी, फुलं हिने वाहिली तर चालतील का?"

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी मनोभावे बसतो."

सुलभाने शेजारचा टॉवेल हळूच माझ्याकडे सरकवला. गुरुजी ओरडले, "अहो, तो ओवळा आहे! सोवळ्याला लावू नका!" तिसरा अध्याय सुरू झाला आणि गर्दीने उकडतंय म्हणून कुणीतरी टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मग माझा पीतांबर खोलीभर उडू लागला. पिवळे धागे समयांवर, गुरुजींच्या पोथीवर आणि प्रसादाच्या शिऱ्यावर जाऊन बसले. शेजारच्या जोशीकाकू शिऱ्याकडे बघून पुटपुटल्या, "केशराला काही हात आखडता घेतला नाही हो!"

शेवटी आरती आली. सगळे उठले. मी बसून टाळ्या वाजवू लागलो.

"यजमान, उठा!"

"मी बसूनच म्हणतो. आवाज चांगला लागतो."

"पाय आखडले वाटतं," नाना म्हणाले आणि माझ्या बगलेत हात घालून त्यांनी मला उभं केलं.

मी उठलो. पीतांबर उठला नाही. कमरेला तेवढा एक निऱ्यांचा बोळा राहिला, काठ पायाशी लोळत होते, आणि मधल्या सगळ्या भागात माझी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नाडीची चड्डी होती. आरती थांबली. एकाच्या हातातली झांज तेवढी वाजून गेली.

गर्दीतून वाट काढत बाबा आले. त्यांच्या हातात पांढरंशुभ्र सुती धोतर होतं. त्यांनी ते लहान मुलाला गुंडाळावं तसं मला गुंडाळलं.

"हे सोवळ्यातलं आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"सकाळीच धुवन वेगळा वाळत घातलंय. कोणाचो हात लागूक दिलंय नाय. माका ठावक होतां."

त्या वेळी मला रडूच आलं. एकदा सांगून पाहिल्यावर माझ्या बढाईला त्यांनी पुन्हा एका शब्दाने अडवलं नव्हतं. पहाटे उठून फक्त माझी लाज राखायची तयारी करून ठेवली होती.

नानांनी पायाशी पडलेला जरीचा काठ उचलला. "हा खापरपणजोबांचा?"

समोर सत्यनारायण. शिवाय झाकायला आता उरलं होतं काय? "नाही," मी म्हणालो. "बोहारणीकडून घेतला. एक पातेलं आणि एक डबा देऊन."

नानांनी काठ खाली ठेवला. मग माझ्या धोतराचा सोगा बोटांत धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. "आणि हे?"

"हे बाबांनी विणलंय. गिरणीत, त्यांच्या स्वतःच्या मागावर." नानांसमोर गिरणीचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं, आणि चांगलं मोठ्याने घेतलं.

"झकास कापड आहे हो, व्याही!" नाना बाबांकडे वळून म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी? तीही तुमच्याच मागावरची?"

"छ्या!" बाबा घाईघाईने म्हणाले. "ती झिलान सोताच्या पसंतीन घेतल्यान!"