एसीच्या बटणावरचा कागद

आमच्या दूध संघाच्या गाडीत एसीच्या बटणावर एक कागद चिकटवलेला होता. नुसता कागद नव्हे, त्यावर संघाचा गोल शिक्का आणि अध्यक्षांची सही! गाडी एका बागायतदाराकडून जुनी घेतलेली, एसी तिच्यासोबत आला, आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. संघाच्या निम्म्या सभासदांची जनावरं चारा छावण्यांत बांधलेली. "लोक उन्हात अन् आपण गारव्यात, छावणीत कोणत्या तोंडानं जायचं?" असं अध्यक्ष बैठकीत म्हणाले आणि स्वतःच्या हातानं डिंक लावून बटण बंद केलं. मला हसू आलं होतं. म्हणणं मात्र पटलं होतं.

मी संघाची जनावरांची डॉक्टर, नोकरीला चार महिने झालेले. ड्रायव्हरला मी मामा म्हणायचे, ते मला बाई. मामा शिरूर कासारकडचे. बारा हंगाम नवराबायकोनं मिळून ऊस तोडला, मग मामींची कंबर गेली. "ही गाडी हाय म्हणून घरी हाय बाई, न्हाईतर दसरा झाला की पुन्हा कोयता," असं ते एकदा म्हणाले होते. ते ऐकल्यापासून गाडी पुसतानाचा त्यांचा हात मला वेगळा दिसायला लागला.

मे महिन्यात एका दुपारी छावणीत माझ्या डोळ्यांसमोर एक गाभण म्हैस गेली. काहीच करता आलं नाही. परतताना मामा रस्त्याकडेच्या हॉटेलात चहाला उतरले, मी गाडीतच बसून राहिले. किल्ली गाडीला होती. मला काय झालं कोण जाणे, ओल्या बोटानं मी त्या कागदाची कड भिजवली, तो अलगद सोडवला, काचा वर केल्या, गाडी सुरू केली आणि बटण दाबलं. आधी धुळीचा वास आला, मग गार वारा. त्या वाऱ्यात तोंड धरून मी पोटभर रडले. दहा मिनिटं असतील. मामा बाकावरून उठताना दिसले तसं सगळं बंद केलं. डिंक कुठून आणायचा? डब्यात भात उरला होता. लहानपणी पाकीट चिकटवायचो तशी दोन शितं चुरडली आणि कागद जागच्या जागी बसवला. वर स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी अध्यक्षच छावणी बघायला निघाले. पुढे ते, मागे मी. लिंबागणेशच्या अलीकडे इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि फाडकन काहीतरी तुटलं. मामांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या, आणि एसीचं चाक जाम.

अध्यक्षांनी वाकून पाहिलं, आत येऊन बटणाकडे पाहिलं. कागद एका कोपऱ्यात फुगला होता.

"कागद उचकटलाय," ते म्हणाले. "एसी लावून फिरतोस होय रे? मशीन जाळलंस! उद्यापासून येऊ नको."

मामा खाली मान घालून उभे राहिले. हो नाही, काहीच बोलले नाहीत. आणि मी? माझी तर दातखीळच बसली. माझ्याच दहा मिनिटांनी हे मशीन जळालं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात एका सभासदाची मोटारसायकल आली, अध्यक्ष तिच्यावर बसून पुढे गेले. भेकड कुठली, असं मी मनात स्वतःलाच म्हटलं.

गाडी ढकलत जवळच्या गॅरेजात नेली. मेस्त्रीनं एसीचं चाक हातानं फिरवून पाहिलं, हललं नाही. मला राहवेना. "एसी दहा मिनिटं लावला तर असं होतं का हो?"

"दहा मिनिटानं काय व्हतंय!" तो हसला. "बाई, एसी चालू असो का बंद, हे चाक फिरतंच. इंजिन सुरू हाय तवर फिरतंय. बटण दाबल्यावर मंग आतलं मशीन ह्याला धरतं अन् गारवा येतो. मशीन बरं हाय तुमचं. चाकातलं बेअरिंग गेलंय, धुळीनं."

"म्हणजे आम्ही बंद ठेवला होता, तरी हे फिरतच होतं?"

"रोज."

मी चक्रावले. शिक्का, सही, डिंक सगळं वर बटणावर, आणि खाली हे बापडं छावण्यांची धूळ खात गरगरतंय! मामांकडे पाहिलं. ते लांब दगडावर बसले होते.

"नवीन चाक मिळंस्तवर एसीला वगळू, पट्टा आखूड टाकू," मेस्त्री म्हणाला. त्यानं सुतळी घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि इंजिनचं खालचं चाक, पाण्याचा पंप, बॅटरी चार्ज करणारा डायनामो अशी ती फिरवून आणली, मधलं एसीचं चाक सोडून. पंपाच्या चाकाला सुतळी अर्धीच टेकत होती. एवढ्यावर भागेल का, मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "लई बारीक नजर हाय की! तेच बघावं लागतं. कमी टेकला तर पट्टा घसरतो, पाणी फिरत न्हाई, इंजिन तापतं. एवढ्यावर भागतंय."

सुतळीच्या मापानं त्यानं खिळ्यावरचा एक पट्टा काढला, तो दोन बोटं सैल निघाला. दुसरा कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा, तो बसला. डायनामो पहारीनं ताणून धरला, बोल्ट आवळला, अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला. गाडी सुरू केली तेव्हा पट्टा मुकाट्यानं पळत होता. जाम झालेलं चाक मी काढून मागितलं आणि रुमालात बांधून घेतलं.

छावणीत अध्यक्ष चाऱ्याच्या ढिगाजवळ उभे होते. मी चाक त्यांच्या हातात दिलं आणि मेस्त्रीनं सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "बंद असताना बी फिरतंय?" पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाले, "बरं, चाक आपोआप गेलं, मान्य. पण कागद कुणी काढला?" आणि त्यांची नजर मामांकडे गेली.

"मी," मी म्हणाले. "म्हैस गेली त्या दिवशी. मामा गाडीत नव्हते."

सगळ्यांदेखत माझी बिनपाण्यानं झाली. काम सुटतंय की काय असं वाटलं. शेवटी अध्यक्ष थांबले, चाक माझ्या हातात परत दिलं आणि मामांना म्हणाले, "उद्या सकाळी टायमात ये."

अध्यक्ष छावणीतच थांबले, आम्ही दोघं परत निघालो. गाडीत मीच म्हणाले, "मामा, माझ्यामुळे तुमची नोकरी जात होती. मला माफ करा."

"मला ठावं होतं बाई. शितं लावलीत ना तुमी? दुसऱ्याच दिवशी मुंग्या लागल्या. रोज सकाळी फडक्यानं पुसत होतो."

मी त्यांच्याकडे वळले. "मग सकाळी बोलला का नाहीत? पुन्हा कोयता धरला असता?"

त्यांनी गियर बदलला. "काय बोलायचं? त्या दिवशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, काचा वर गेलेल्या दिसल्या. तुमी रडत होता. म्हणून तर मी दुसरा चहा घेतला."