मामींसमोरचा एक पेला

सौंसरच्या मामींनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. पण व्होडका आणि संत्र्याचा रस त्यांच्यासारखा जमवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. पुढे मोठ्या शहरांतल्या हॉटेलांतही मी ते पिऊन पाहिलं आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि मामींच्या घरी भाड्यानं राहत होतो. त्यांचे यजमान, आमचे फौजीमामा, लष्करात अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पेले भरून निवृत्त झालेले. मेसमधले साहेब या पेयाला स्क्रूड्रायव्हर म्हणत. मामी नुसतं 'संत्र्याचं' म्हणून मोकळ्या होत.

घरी परतल्यावर मामा रोज संध्याकाळी नाल्यापलीकडच्या मोहाच्या दारूच्या भट्टीवर जायला लागले. एकदा रामाकोन्याच्या रस्त्यावर सायकलसकट पडलेले सापडले. दुसरी बाई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. मामींनी जखम धुतली आणि विचारलं, "मेसमधी साहेबाले काय करून द्याचे तुम्ही? मले शिकवा." मग त्यांनी अट घातली. प्यायची ती घरी, त्यांच्यासमोर, एकच पेला. आणि आपल्या बागेत संत्री आहेत तोवरच. मामांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, बायकोच्या अटी चार दिवसांच्या असतात!

संत्री दुपारपासून विहिरीच्या थंड पाण्यात पडलेली असत. मामी एकेक फोड सोलून, बिया काढून, रस फडक्यातून हातानं पिळत. साल रगडली की कडवटपणा उतरतो, म्हणून यंत्राला त्या शिवत नसत. पेल्यात आधी बर्फ, मग मिलिटरी कॅन्टीनमधून आलेली व्होडका, तीही खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून, वरून सावकाश रस आणि चमच्याचा एक फेरा. "न चाखता चव कशी कळते हो?" मी एकदा विचारलं. "त्यायच्या तोंडाकडं पायतो न मी," मामी म्हणाल्या. खरंच, मामा पहिला घोट घेईपर्यंत त्या जागच्या हलत नसत.

संत्री संपली की पेला बंद. मामा कुरकुरत, पण पुढच्या बहराकडे डोळे लावून दिवस काढत. ज्या माणसानं बागेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तो झाडांच्या मुळाशी कुदळ घेऊन बसू लागला.

तिथंच घोटाळा झाला. बहर धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झालेली पाहून मामांचा जीव कळवळला आणि मामी माहेरी गेल्या असताना त्यांनी झाडांना पोटभर पाणी पाजलं. झाडं पाल्यानं अशी हिरवीगार झाली की मामा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. फूल मात्र नावालाही आलं नाही.

"सुकून राहिले होते बिचारे," मामा पुटपुटले.

"झाडाची लय दया आली तुमाले," मामी हसल्या. "आता यंदा रस नाही."

त्या वर्षी वाट पाहायला काहीच उरलं नव्हतं. पांढुर्ण्याहून एका व्यापाऱ्यानं टोपलीभर संत्री पाठवली, ती मामींनी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. त्या संध्याकाळी मामा चपला घालून बाहेर पडले. मामी दारात बसल्या. "जाऊन पाहू का?" मी म्हणालो. "नोका जाऊ, मास्तर. ओढून आणलं तर उद्या पुन्हा जातील." आवाज ठाम होता, पण पदराचं टोक बोटांनी पिळून पिळून दोरी झालं होतं.

दिवेलागणीला मामा आले. पायांना माती होती. ते भट्टीवर नाही, बागेत जाऊन बसले होते. दारातच मामींसमोर वाकले आणि म्हणाले, "घे, वास घेऊन पाह्य." मामींनी वास घेतला नाही. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्या बाईइतकी हिंमत माझ्यात कधी आली नाही, येणारही नाही.

पुढे माझी पांढुर्ण्याला बदली झाली. काही वर्षांनी मामी अल्पशा आजारानं गेल्या. मी मामांना भेटायला गेलो तेव्हा बागेत संत्री पिकली होती, आणि फौजी आता पुन्हा भट्टीवर जाणार असं गाव म्हणत होतं. कपाटात बाटली होती, सील न तोडलेली. मामांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी म्हणालो, "मामा, करू का एक पेला? मामींचं पाहून मला जमतं थोडंफार."

मामांनी मान हलवली. "तिच्यासमोर प्याचं ठरलं होतं, मास्तर. आता कोणासमोर पिऊ?"